कॉम्प्युटरचं माप

माझ्या लेकीच्या, सुजाताच्या शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांच्या कमरेचं माप मी घेतलं होतं.

ही बढाई नाही. (बढाई मारायला तोंड उघडावं लागतं, आणि ते माझ्याच्यानं होत नाही.) विहारात कार्यक्रम असला की मी शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागं बसते. रेशनच्या दुकानात माझा नंबर आला की मागच्या बाईला म्हणते, “तुम्ही घ्या आधी.” शाळा माझी चौथीपर्यंत. पण लिहिताना समोर कुणी नसतं, म्हणून इथं पोटभर बोलून घेते.

तेव्हा आम्ही उल्हासनगरात राहायचो. सुजाताचे बाबा अंबरनाथला एका कारखान्यात होते आणि मी घरी शिलाई मशीनवर बसायचे. आमची अख्खी गल्ली जीन्सच्या पँटी शिवायची, पण पूर्ण पँट शिवलेली बाई गल्लीत एकही नव्हती! कॅम्प दोनच्या (आमच्याकडं वस्त्यांना कॅम्प म्हणतात) मोतीरामशेठचा टेंपो सकाळी कापलेल्या कापडाचे गठ्ठे टाकून जायचा. मी फक्त चेन लावायचे. चेन लागली की कापड शेजारच्या मंदाकडं. ती खिसे लावायची. तिथून पलीकडं हौसाकाकूंकडं. त्या पट्ट्याची लुपं आणि बटण लावायच्या. पाय कोण जोडायचं हे मला आजवर कळलेलं नाही. कुणी कुणाला काही विचारायचं नाही. आपलं काम झालं की पुढच्या घराच्या उंबऱ्यावर गठ्ठा ठेवायचा आणि परत मशीनवर बसायचं. संध्याकाळी टेंपो येऊन काकूंच्या ओट्यावरून माल उचलायचा.

सुजाता आठवीत होती. एक दिवस दप्तर खांद्यावरच ठेवून ओरडत आली.

“आई, शाळेत कॉम्प्युटर आलेत! तीन!”

“ते काय असतं गं?”

“मशीन. जे सांगू ते सगळं करतं.”

“कुणी सांगितलेलं?”

“कुणीपण!”

सांगितलेलं ऐकणारं कुणी आमच्या घरात तरी तोवर आलेलं नव्हतं.

पण त्या वर्गाची फी वेगळी होती आणि ती आम्हाला झेपणारी नव्हती. पोरगी हट्टी नाही. फक्त तिनं खडूनं फरशीवर चौकोन आखले, प्रत्येकात एकेक इंग्रजी अक्षर लिहिलं आणि रोज त्यावर बोटं आपटत बसायला लागली. केर काढताना मी तेवढी फरशी सोडून केर काढायचे.

आणि मग शाळेतून निरोप आला. कॉम्प्युटर शिकवणारे तांबेसर नवीन होते, तरुण होते, आणि धुळीला इतके घाबरायचे की फळ्याजवळ उभे राहताना नाकाला रुमाल लावायचे. त्यांना कॉम्प्युटरसाठी कव्हरं हवी होती. सुजातानं बेधडक सांगून टाकलं होतं, “माझी आई शिवते!” ठरलं ते असं, की शनिवारी उद्घाटन आहे, त्याच्या आत मी तिन्ही कव्हरं द्यायची. सुजाताची फी माफ. शिवाय उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांसमोर कॉम्प्युटर तीच चालवून दाखवणार. कव्हरं वेळेवर नाही आली, तर तिची जागा फी भरलेल्या मुलाला.

मी टेप घेऊन शाळेत गेले. खोलीला जाड पडदे, चपला बाहेर. आत तीन टेबलांवर तीन कॉम्प्युटर बसलेले. खाली एक पेटी, वर टीव्हीसारखं डोकं. मी दारातच हात जोडले. (सुजातानं पटकन माझे हात खाली केले.)

“माप घ्या शांताबाई,” तांबेसर म्हणाले, “पण हात लावू नका हं. फार नाजूक असतात.”

“हात न लावता माप कसं घेऊ, सर?”

“वरच्या वर घ्या.”

मी घेतलं! कॉम्प्युटरपासून वीतभर लांब, हवेतच टेप धरून, त्याच्याभोवती प्रदक्षिणा घातली. मंदाच्या मापाची आठवण झाली. तिच्या ब्लाऊजचं माप घेताना मी हमखास म्हणते, “पोट आत घे गं, मंदे!” इथं कुणाला म्हणणार? आला तो आकडा लिहून घेतला.

“तुझ्या आईला दाखव ना जरा, काल शिकलीस ते,” सर सुजाताला म्हणाले.

तिनं बटण दाबलं. काळी काच हळूहळू उजळली आणि मधोमध हिरवा त्रिकोण उभा राहिला. नखाएवढा.

“आई, याला कासव म्हणतात.”

तिनं काहीतरी अक्षरं दाबली. कासव सरळ चाललं, मागं हिरवी रेघ सोडत. परत काही दाबलं, वळलं. परत चाललं, परत वळलं. चौकोन झाला! मी इतकी वर्षं कापडावर साबणाच्या चिपेनं अशाच रेघा मारत आले. सरळ जायचं, वळायचं, सरळ जायचं. पण माझ्या रेघेला माझा हात लागतो. इथं माझी लेक बोटभर हलली नाही, नुसतं सांगितलं, आणि काचेच्या आत कुणीतरी ते ऐकून रेघ मारून दाखवली. मी हळूच काचेच्या मागं डोकावून बघितलं. मागं नुसत्या वायरी.

जीन्सचं कापड मोतीरामशेठच्या कटपीसमधून मिळालं. जाड कापड, धुळीची काय बिशाद! मी तीन चौकोनी पिशव्या शिवल्या, तोंड खाली. कॉम्प्युटरच्या डोक्यावरून उतरवायच्या. घालायला-काढायला सोपं जावं म्हणून पुढच्या बाजूला खालून वर एक चेन लावली. (दुसरं मला येतंच काय!) फक्त खालची पट्टी मुडपायची राहिली होती. तेवढ्यात गुरुवारी बदलापूरहून निरोप आला, सासूबाईंना ताप आहे. कव्हरं घाईत दाराशी ठेवली आणि म्हटलं, येऊन पट्टी मुडपू, शुक्रवार अख्खा आहे.

सासूबाईंचा ताप मी पोचायच्या आत उतरला होता, तरी त्यांनी ठेवून घेतलं. शुक्रवारी संध्याकाळी परत आले. उंबऱ्यावर कव्हरं नव्हती.

“मंदे, इथली कापडं कुठं गेली?”

“कुठं म्हणजे? तुझ्या दाराशी चेन लागलेली दिसली, म्हणून उचलली. मी खिसे लावले आणि दिली पुढं.”

“खिसे!”

“मागचे दोन, पुढचे दोन. शिलाई बघ माझी, परदेशात जाईल!”

“अगं, त्याला पाय होते का?”

“नव्हते. पण पाय लावायचं काम माझं नाही ना शांते. मला वाटलं, पुढं कुणीतरी लावेल.”

मी हौसाकाकूंकडं धावले. काकू मूळच्या जांभूळ गावच्या, वयानं आम्हा सगळ्यांपेक्षा मोठ्या. सुपारी कातरत बसल्या होत्या.

“काकू, ती चौकोनी कापडं...”

“ती व्हय गो? पट्टी मुडपली, लुपा लावली, बटना मारली. मना वाटला, कोना जाड्या शेटची चड्डी हाय. म्हनून लुपा जरा जास्तीच लावली. एवऱ्या मोठ्या प्वाटाला पट्टा नको का?”

“आणि आता कुठं आहेत?”

“टेंपोत.”

मी ओट्यावरच बसले. डोळ्यांसमोर फरशीवरचे ते खडूचे चौकोन आले. मंदानं माझ्याकडं बघितलं, चपला घातल्या आणि म्हणाली, “ऊठ. कॅम्प दोन.”

मोतीरामशेठच्या दुकानात आम्ही शिरलो तेव्हा सगळं काम थांबलं होतं. शेठ गादीवर उभे होते आणि त्यांच्यापुढं टेबलावर माझं कव्हर पसरलेलं. चार कारागीर त्याच्याभोवती पोलीस पंचनाम्याला जमावेत तसे जमलेले. शेठनं त्याचं बटण लावून बघितलं, चेन वर-खाली करून बघितली, आत हात घालून पाय शोधले. मग माझ्याकडं बघितलं.

“अदी,” (ते आम्हा सगळ्या बायकांना अदीच म्हणायचे. सिंधीत अदी म्हणजे बहीण. पण त्या दिवशीची अदी बहिणीला नव्हती, चोराला होती.) “अदी, सच बोलना. ये किस पार्टी का ऑर्डर है? मेरे पीठ पीछे फॉरेन का काम लिया?”

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मंदानं मला मागं सारलं.

“शेठ, फॉरेन-बिरेन कुछ नहीं. ये स्कूल के कंप्यूटर का है.”

“कंप्यूटर का?”

“हां.”

“वो पैंट पहनता है?”

“उसको धूल नहीं चलती, शेठ!”

शेठ मटकन गादीवर बसले. त्यांनी कव्हरावरून हात फिरवला. त्यांचा राग कुठल्या कुठं गेला आणि तोंडावर काहीतरी वेगळंच आलं. देवळातल्या माणसासारखं.

“साईं, क्या ज़माना आया! मशीन जीन्स पहनेगा, और मेरा बाप लुंगी में मर गया.” मग कारागिराकडं वळून गरजले, “देखता क्या है? इस्त्री मार! और पीछे चमड़े का लेबल लगा! कंप्यूटर मेरा माल पहनेगा और बिना लेबल?”

“शेठ, लेबल नको...” हे मी म्हणाले. पण मी म्हणालेलं मलाच जेमतेम ऐकू आलं, शेठला कुठून येणार! तिन्ही कव्हरांवर चामड्याची लेबलं ठोकली गेली. वर ‘बत्तीस’ असा साइजचा आकडा.

घरी आल्यावर सुजातानं कव्हर उलटसुलट करून बघितलं. घडी घालून दप्तराशी ठेवलं. सुजाताचे बाबा मात्र बोलले. “अगं, कॉम्प्युटरवर टाकायला साधी चादर नव्हती का घरात?” उसवून काढावं म्हटलं, तर लेबलं आणि बटणं ठोकलेली. काढली तर कापडाला भोकं पडणार, आणि भोकातून धूळ!

शनिवारी सकाळी मी, मंदा आणि हौसाकाकू शाळेत पोचलो. (काकूंना चड्डीवाला शेठ बघायचा होता.) तांबेसरांनी कव्हर हातात घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“शांताबाई, हे खिसे?”

मी जमिनीकडं बघितलं. मंदा पुढं झाली. “सर, तुमच्या त्या काळ्या तबकड्या असतात ना, फ्लॉपी का काय, त्या ठेवायला!”

सरांनी कव्हर कॉम्प्युटरवर चढवलं आणि खुशीत एक फ्लॉपी खिशात सरकवली. ती तशीच खाली पडली. पँटीची कंबर वर असते, आमच्या कव्हराची खाली! सगळे खिसे उलटे.

“खिशाचं तोंड खाली आहे हो!”

“मग!” मंदा म्हणाली. “वर ठेवलं असतं तर धूळ नसती गेली आत?”

सरांनी फ्लॉपी उचलून पुसली. धुळीपुढं त्यांचं काही चालत नसे.

पण कव्हर ढगळ झालं होतं. हवेत घेतलेलं माप ते! मधल्या कॉम्प्युटरवरून ते सारखं एका बाजूला घसरायचं. “थांबा गो,” हौसाकाकू म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून परकराची नाडी काढली, लुपांतून ओवली, आणि जन्मभर भाताचे भारे बांधलेल्या हातांनी अशी गाठ मारली की टेबलसुद्धा करकरलं.

मग पाहुणे आले. शिक्षणखात्यातले मोठे साहेब, पांढरे केस, गंभीर चेहरा. खोलीत शिक्षक, पालक, दाराखिडक्यांत मुलं. मी माझ्या नेहमीच्या जागी, म्हणजे दाराबाहेर, चपलांच्या ढिगात. मधल्या कॉम्प्युटरशेजारी सुजाता, दोन वेण्या, इस्त्रीचा गणवेश. नारळ फुटला. माईकवर शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, “आता माननीय पाहुण्यांनी आवरण दूर करून आपल्या शाळेत नव्या युगाचा शुभारंभ करावा!”

टाळ्या झाल्या. साहेब पुढं आले. हात पुढं केला. आणि हात तिथंच थांबला.

समोर एक बटण होतं. बटणाच्या वर चेन होती. खाली परकराची नाडी, तिला गाठ.

साहेबांनी हात मागं घेतला. “बाई, मला वाटतं, हा मान आपला.”

मोठ्या बाईंनी एकदा नाडीकडं बघितलं आणि लाल झाल्या. “छे छे! आपण पाहुणे. तांबेसर, तुम्ही साहेबांना मदत करा.”

“माझ्या हाताला नारळाचं पाणी लागलंय!” तांबेसर दोन पावलं मागं सरकले.

खिडकीतल्या नववीच्या पोरांनी शिट्टी घातली. मुली तोंडावर ओढणी धरून गदगदायला लागल्या. शेवटी तांबेसरांनी डोळे मिटले, कव्हराला दोन्ही बाजूंनी धरलं आणि सरळ वर ओढलं. गाठ काकूंची! कव्हराबरोबर कॉम्प्युटरच वर निघाला!

“सर! अख्खा येतोय, अख्खा!” मोठ्या बाई किंचाळल्या.

“हळूच रं बाबा, माज्या गाठीला धक्का नको!” हौसाकाकू मागून ओरडल्या.

सरांनी तो खाली ठेवला. हसण्याचा आवाज वाढत चालला. साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. मी सुजाताकडं बघितलं. तिनं मान खाली घातली होती आणि तिची बोटं हवेतच हलत होती, फरशीवरच्या त्या चौकोनांवर हलायची तशी.

पुढचं मी केलं असं लोक सांगतात. मला फक्त इतकं आठवतं की पायाखाली चपला नव्हत्या, थंड फरशी होती, आणि मी कॉम्प्युटरपुढं गुडघ्यांवर बसले होते. काकूंची गाठ नखांनी सोडवली. बटण काढलं. चेन ओढली, तर ती अर्ध्यावर अडकली. नवं कापड दातांत गेलेलं. मी कमरेला खोचलेली साबणाची चीप काढली, चेनवर घासली, एका हातानं कापड आत दाबलं. आणि आयुष्यभराच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं,

“पोट आत घे रे बाळा. हलू नकोस, झालंच हं.”

माईक शेजारीच होता.

मग जो हशा उठला, तो खिडकीतून मैदानात गेला आणि मैदानातून रस्त्यावर. साहेब चष्मा काढून डोळे पुसत होते. मोठ्या बाईंनी खुर्ची धरली होती. मंदा तर भिंतीला टेकून हसता हसता रडायलाच लागली. आणि त्या गोंधळात सर्रकन चेन उघडली.

सुजातानं बटण दाबलं.

काच उजळली आणि हशा आपोआप विरला. हिरवं कासव मधोमध उभं राहिलं. तिनं अक्षरं दाबली. एक चौकोन झाला. कासव जरासं वळलं आणि त्याच टोकावरून दुसरा चौकोन काढू लागलं. मग तिसरा. चौकोनावर चौकोन कलत गेले, आणि बघता बघता काचेवर एक फूल उमललं, हिरव्या रेघांचं, सगळ्या पाकळ्या सारख्या. त्यातल्या एकाही रेघेला कुणाचा हात लागला नव्हता. मी अजून गुडघ्यांवरच होते. ते फूल माझ्या तोंडासमोर होतं. मी इतक्या जवळून पाहिलेली ती सगळ्यांत मोठी गोष्ट.

साहेब सुजाताजवळ वाकून काहीतरी विचारत राहिले आणि ती न घाबरता उत्तरं देत राहिली. इंग्रजी शब्द, मराठी शब्द, सगळे तिचे. “हिची जागा वर्गात पक्की ना?” त्यांनी मोठ्या बाईंना विचारलं. “पक्की!” मोठ्या बाई म्हणाल्या. मग साहेबांनी माझी चौकशी केली, असं मंदा सांगते. तोवर मी घरी पोचले होते. एक चप्पल माझी, एक तांबेसरांची.

त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. सुजाता शिकली, कॉम्प्युटरच्याच कामाला लागली. परवा ऑफिसातून येताना एक नवीन कॉम्प्युटर घरी घेऊन आली. मांडीवर ठेवला, झाकण उघडलं. पाटीएवढा! ना डोकं, ना पेटी, मागं वायरीसुद्धा नाहीत. मी वाकून, मागून, खालून, सगळीकडून बघितलं.

“काय शोधतेस आई?”

“याचं पोट कुठं गेलं गं?”

सुजाता हसत सुटली. पण मी खरं सांगते. नवरा ऐकत नाही, पोरगी ऐकत नाही, शेजारीण तर नाहीच नाही. सगळ्या जन्मात मी चारचौघांत तोंड उघडून एकच हुकूम सोडला होता. जरा वर्षं लागली, पण ऐकलं हो त्यानं!